आनुवंशिकता, तंबाखू आणि आईवरचा आरोप

जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या समाजात 'आनुवंशिकता' हा शब्द कधीच साधा राहत नाही. प्रयोगशाळेत त्याचा अर्थ एक असतो, गावात दुसरा. 'रक्तातच आहे', 'बीजच तसे', 'खाण तशी माती' ही बोलणी जनुकशास्त्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या भाषेत आहेत, आणि ती कोणाला उद्देशून वापरली गेली हे या पानांच्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणूनच जनुकशास्त्र आपण नेटाने शिकले पाहिजे असे मला वाटते. जे शास्त्र आपल्याविरुद्ध वापरले जाण्याची शक्यता सर्वाधिक, ते आपल्याला इतरांपेक्षा अधिक चांगले आले पाहिजे.

मी जीवशास्त्राचा शिक्षक आहे. कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरांत या विषयावर बोलू लागलो की एक प्रश्न हमखास येतो : मूल व्यंग घेऊन जन्माला आले तर दोष कोणाचा? गावाकडे याची उत्तरे तयार असतात. मुलाचा ओठ दुभंगलेला असेल तर आईने ग्रहणात विळी हातात घेतली असणार, काहीतरी चिरले असणार. नाहीतर मागल्या जन्मीचे पाप आहेच. शिकलेल्या घरांत ग्रहण जाते आणि त्या जागी 'जीन्स' येतात; 'त्यांच्या घराण्यातच दोष आहे' असे म्हणून सोयरीक मोडली जाते. अलीकडे आणखी एक उत्तर ऐकू येते : बाई तंबाखू खात असेल. ग्रहण, पाप, जनुक, तंबाखू. उत्तरे चार असली तरी बहुतेक वेळा बोट एकाच दिशेला वळते, ते आईकडे. पहिली दोन उत्तरे खोटी आहेत. उरलेल्या दोहोंत तथ्य आहे, पण ते तथ्य जसे सांगितले जाते तसे नाही. ते नेमके कसे आहे, हे या लेखात मांडायचे आहे. उदाहरण म्हणून मी एकच व्यंग घेतो, दुभंगलेला ओठ व टाळू. कारण जनुक आणि आईचे धूम्रपान यांच्या संबंधाचा पुष्कळ अभ्यास याच व्यंगावर झालेला आहे.

चेहरा कसा घडतो

गर्भाचा चेहरा वेगवेगळ्या बाजूंनी वाढत येणारे उंचवटे एकमेकांना मिळून तयार होतो. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास असे पाच उंचवटे दिसू लागतात : कपाळाच्या बाजूने एक, वरच्या जबड्याचे दोन आणि खालच्या जबड्याचे दोन. कपाळाकडच्या उंचवट्यातून नाकाचे भाग फुटतात. वरच्या जबड्याचे दोन उंचवटे दोन्ही गालांकडून मध्याकडे सरकतात, नाकाच्या भागांना भिडतात आणि सांधा भरून येतो. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत वरचा ओठ असा जुळून होतो. टाळूचे काम थोडे उशिरा चालते. तिचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत असतात. मग ते वर उचलले जाऊन आडवे होतात व मध्यभागी जुळतात. बाराव्या आठवड्याच्या सुमारास हे काम संपते.

म्हणजे ओठावरची दुभंग ही बाहेरून पडलेली चीर नसते. ती विळीने पडत नाही, सुरीने पडत नाही, चंद्रसूर्याच्या सावलीने तर नाहीच. तुमच्या-माझ्या, प्रत्येकाच्या चेहऱ्यात ही फट काही दिवस होती. बहुतेकांची वेळेत भरली, काहींची भरायची राहिली. जगभरचा हिशेब धरला तर साधारण ७०० जन्मांमागे एका बालकाच्या बाबतीत असे होते.

या वेळापत्रकातली एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. ओठ जुळण्याचे काम संपते तेव्हा बाईची पाळी चुकून जेमतेम महिना झालेला असतो. पुष्कळ जणींना तोवर दिवस गेल्याची खात्रीही नसते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नाव नोंदविणाऱ्या बाईला 'आता तंबाखू सोड' असे सांगणे इतर अनेक कारणांनी योग्य आणि आवश्यक आहे. पण ओठापुरती ती वेळ टळून गेलेली असते.

जनुकाचा वाटा

या व्यंगात जनुकांचा वाटा आहे काय? आहे, आणि तो मोठा आहे. हे तपासण्याची एक चांगली रीत म्हणजे जुळ्यांचा अभ्यास. एकाच फलित अंड्यातून झालेल्या जुळ्यांचे जनुक सारखे असतात. दोन वेगळ्या अंड्यांतून झालेली जुळी म्हणजे जनुकांच्या दृष्टीने साधी भावंडे. डेन्मार्कमध्ये जुळ्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्या गेल्या आहेत. त्यांवरून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, समान जनुकांच्या जुळ्यांत एकाचा ओठ दुभंगलेला असेल तर दुसऱ्याचाही तसाच असण्याचे प्रमाण सुमारे ५० टक्के आहे. भिन्न जनुकांच्या जुळ्यांत ते सुमारे ८ टक्के आहे.

हे आकडे दोन बाजूंनी वाचावे लागतात. ५० आणि ८ यांतले अंतर सांगते की जनुकांना महत्त्व आहे. पण ५० हा आकडा १०० नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. जनुक तेच, गर्भाशय तेच, आई तीच. तरी अशा जोड्यांत निम्म्या वेळा दुसरे मूल सरळ ओठ घेऊन जन्माला येते. जनुक जर विधिलिखित असते तर असे घडले नसते. काही थोड्या प्रकारांत मात्र एकच जनुक निर्णायक ठरतो. व्हॅन डर वूड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात खालच्या ओठावर खळगे असतात व ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. त्यामागचा जनुक २००२ साली सापडला. परंतु दुभंग घेऊन जन्मणाऱ्या बहुसंख्य बालकांत असा एक 'गुन्हेगार' जनुक नसतो. अनेक जनुकांचे थोडेथोडे ओझे आणि गर्भाच्या परिसरातले काहीतरी, अशी ती बेरीज असते.

'घराण्यातला दोष' म्हटले की उपाय संपला, असे आपण धरून चालतो. तेही बरोबर नाही. पाठीचा कणा व मेंदूचे आवरण नीट न मिटण्याचे एक जन्मजात व्यंग आहे. तेही कुटुंबात पुन्हा उद्भवू शकते. ज्यांचे एक मूल असे जन्मले होते अशा स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून फॉलिक आम्ल दिले, तर पुढच्या मुलातला हा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ साली सिद्ध केले. फॉलिक आम्ल हे एक जीवनसत्त्व आहे. पालेभाजीत आणि डाळीत ते असते. जनुक जागच्या जागी राहिले, अन्न बदलले आणि व्यंग टळले.

तंबाखूचा वाटा

आता धूम्रपान. सिगारेटच्या धुरात निकोटिन असते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते. कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, त्यामुळे गर्भाकडे जाणारा प्राणवायू घटतो. शिवाय धुरात अनेक विषारी रसायने असतात. जुळू पाहणाऱ्या नाजूक पेशींना हे सारे एकाच वेळी सोसावे लागते.

किती फरक पडतो? जॉन लिटल व सहकाऱ्यांनी अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००४ साली निष्कर्ष मांडला : धूम्रपान करणाऱ्या मातांच्या बालकांत ओठ दुभंगण्याचा धोका सुमारे ३४ टक्क्यांनी आणि केवळ टाळू दुभंगण्याचा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त असतो. २०११ साली लंडनच्या संशोधकांनी व्यंग असलेल्या १ लाख ७३ हजारांहून अधिक बालकांची माहिती तपासली. तीत ओठ-टाळूच्या दुभंगीत सुमारे २८ टक्के वाढ दिसली; हातापायांचे भाग कमी असणे, वाकडे पाऊल, पोटाची भिंत न मिटणे यांतही वाढ दिसली. २०१४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने, सुरुवातीच्या महिन्यांतले आईचे धूम्रपान हे ओठ-टाळूच्या दुभंगीचे एक कारण आहे, असे निःसंदिग्धपणे नोंदविले.

'३४ टक्के' ऐकले की छातीत धस्स होते. म्हणून हा हिशेब पुरता करून पाहू. दर १० हजार जन्मांत अशी बालके साधारण १४. तीसेक टक्क्यांची वाढ धरली तर ती होतात १८-१९. म्हणजे १० हजार धूम्रपान करणाऱ्या मातांमागे चार-पाच बालके अधिक. उरलेल्या ९ हजार ९८० च्या आसपास मातांची बालके ओठ-टाळू सरळ घेऊनच येतात. आणि त्या १८-१९ बालकांपैकी १४ तर आईने सिगारेट हातात धरली नसती तरीही दुभंग घेऊनच जन्मली असती. एका देशात लाखो जन्म होत असताना ही चार-पाचची वाढ फार मोठी असते. ती टाळता येण्यासारखी आहे म्हणून ती टाळलीच पाहिजे. पण एखाद्या आईसमोर उभे राहून 'तुझ्यामुळे झाले' असे म्हणण्याचा अधिकार हे आकडे कोणालाही देत नाहीत.

दोन्ही जिथे भेटतात

मग त्या चार-पाच जणी कोणत्या? इथे जनुक आणि तंबाखू एकत्र येतात. आपल्या शरीरात विषारी रसायने निकामी करून बाहेर टाकणारी विकरे असतात, म्हणजे एन्झाइम. त्यांच्यापैकी एक विकर बनविणारा जनुक जीएसटीटी-१ या नावाने ओळखला जातो. काही माणसांत हा जनुक मुळी नसतोच. आईकडून आलेली प्रत नाही, बापाकडून आलेलीही नाही. एरवी त्या माणसाचे काही अडत नाही. युरोपीय वंशाच्या सुमारे चतुर्थांश बालकांत तो नसतो आणि ती सुखाने वाढतात. २००७ साली डेन्मार्क आणि अमेरिकेतील आयोवा राज्य येथील कुटुंबांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की गर्भाजवळ हा जनुक नसेल आणि आई धूम्रपान करीत असेल, तर दुभंगीचा धोका विशेष वाढतो. त्याआधी १९९५ साली मेरीलँडमधील अभ्यासात दुसऱ्या एका जनुकाच्या विरळ रूपाबाबत असाच संबंध दाखविला गेला होता. पुढच्या अभ्यासांत त्याला कुठे पुष्टी मिळाली, कुठे मिळाली नाही. शास्त्र असेच चालते. एखाद्या जनुकाचे नाव उद्या बदलेल, पण विचाराची चौकट पक्की आहे : जनुक एकटा बोलत नाही, परिसराशी मिळून बोलतो.

हे मी शिबिरात असे सांगतो. ओढ्याकाठी वस्ती आहे. काही घरांच्या भिंती पक्क्या, काहींच्या कच्च्या. पाऊसपाणी बेताचे असते तोवर कच्ची भिंतही वर्षानुवर्षे उभी राहते. पूर आला की कच्ची पडते. भिंत कशाने पडली? भिंतीच्या कच्चेपणाने की पुराने? प्रश्नच चुकीचा आहे, कारण दोन्ही एकत्र आल्याशिवाय ती पडत नाही. पण त्यापुढे आणखी एक प्रश्न असतो, आणि तो सहसा विचारला जात नाही : ही वस्ती ओढ्याच्या काठी, सखल जागी बसविली कोणी? कच्ची भिंत म्हणजे जनुक, पूर म्हणजे तंबाखू. तिसरा प्रश्न समाजरचनेचा आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली मिळत नाही.

'दोष धुराचा नव्हे, रक्ताचा'

हा तिसरा प्रश्न टाळण्यासाठी आनुवंशिकतेचा आधार कसा घेतला गेला, याचा इतिहास बोधप्रद आहे. आधुनिक संख्याशास्त्राचे एक जनक रोनाल्ड फिशर हे असामान्य बुद्धीचे गृहस्थ. विद्यार्थिदशेतच, १९११ साली, केंब्रिज विद्यापीठात सुप्रजननवादी मंडळ स्थापन करण्यात ते पुढे होते. १९३० सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांनी मानवी समाजाला दिला. वरच्या वर्गांना मुले कमी होतात, ही त्यांची तिथली चिंता होती. धूम्रपानाने फुफ्फुसाचा कर्करोग होतो असे पुरावे १९५० नंतर साचू लागले. तेव्हा १९५७-५८ मध्ये याच फिशरनी आक्षेप घेतला : धूम्रपानाने कर्करोग होतो कशावरून? ज्या जनुकांमुळे माणूस सिगारेट ओढू लागतो त्याच जनुकांमुळे त्याला कर्करोगही होत असेल. समान जुळ्यांच्या सवयी सारख्या असतात, ही आकडेवारी त्यांनी पुराव्यादाखल दिली. फिशर स्वतः पाइप ओढीत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. त्यांचा तर्क तर्क म्हणून चुकीचा नव्हता. असे असू शकते, हे तपासायलाच हवे होते. तपासले गेले, आणि तो टिकला नाही.

हाच वाद पुढे गर्भवतींच्या धूम्रपानाबाबत झाला. धूम्रपान करणाऱ्या मातांची मुले वजनाने कमी भरतात, हे कॅलिफोर्नियात १९५७ सालीच दिसून आले होते. बर्कलीचे प्राध्यापक जेकब येरुशाल्मी यांनी १९७१ साली एक चमत्कारिक गोष्ट पुढे आणली. जन्मतः कमी वजनाच्या बालकांचाच विचार केला, तर धूम्रपान करणाऱ्या मातांची बालके न करणाऱ्यांच्या बालकांपेक्षा कमी मरतात! पुढच्याच वर्षी त्यांनी मांडले की, ज्या स्त्रिया नंतर धूम्रपान करू लागल्या त्यांना त्याआधीही कमी वजनाची मुले झाली होती. निष्कर्ष असा सुचविला गेला की दोष धूम्रपानाचा नाही, धूम्रपान करणारी बाईच मुळात वेगळी असते.

या कोड्याचे उत्तर शिक्षकांना सहज समजावे. शाळेत गैरहजर मुलांची यादी काढली. काही मुले बाजाराच्या दिवशी आईबरोबर बाजाराला गेली म्हणून गैरहजर. काही विषमज्वराने अंथरुणाला खिळली म्हणून. फक्त गैरहजर मुलांची प्रकृती तपासली तर बाजाराला गेलेली मुले अधिक धडधाकट भरतील. म्हणून बाजाराला जाणे हे विषमज्वरावरचे औषध ठरते काय? बालकांच्या वजनाचे तसेच आहे. वजन कमी होण्याला अनेक कारणे असतात. धूम्रपान हे एक, गंभीर जन्मजात व्यंगे हे दुसरे. धूम्रपान न करणाऱ्या आईचे मूल वजनाने कमी भरले तर त्यामागे अधिक घातक कारण असण्याची शक्यता वाढते. केवळ कमी वजनाच्या मुलांचीच तुलना केली की धूम्रपान निर्दोष दिसू लागते. सोनिया एर्नांदेस-दियास व सहकाऱ्यांनी २००६ साली हे कोडे नीट उलगडून दाखविले.

परंतु निकाल त्याआधीच लागला होता. १९८४ साली मेरीलँडमध्ये धूम्रपान करणाऱ्या ९३५ गर्भवतींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले गेले. एका गटाला सिगारेट सोडण्यासाठी मदत केली, दुसऱ्याला विशेष मदत नव्हती. मदत मिळालेल्या गटातील बालके सरासरी ९२ ग्रॅमने अधिक वजनाची जन्मली. चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांत 'वेगळ्या रक्ताच्या' बाया एकाच बाजूला जात नाहीत. रक्त तेच होते. धूर कमी झाला आणि मूल भरले.

ओळखीची वाट

जे घडते ते रचनेमुळे नाही, ज्याच्यावर घडते त्याच्या रक्तामुळे, ही युक्ती आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. जातिव्यवस्थेच्या समर्थकांनी रक्तशुद्धीचे आणि सुप्रजननाचे नाव पुढे केले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांना त्यांच्याच शास्त्राच्या भाषेत उत्तर दिले. जनुकशास्त्रज्ञ बेटसन यांचा दाखला देऊन त्यांनी दाखविले की माणसाचे वरच्या दर्जाचे बौद्धिक गुण आनुवंशिकतेने एखाद्या ठरीव रीतीने उतरतात असे शास्त्र म्हणत नाही. शिवाय रक्त शुद्ध ठेवायचे तर बेटीबंदी एकवेळ समजेल, पण रोटीबंदी कशासाठी? एका पंक्तीत जेवल्याने रक्त बिघडत नाही! शास्त्राला घाबरून त्यांनी पाठ फिरविली नाही. शास्त्र पुरते वाचून त्याच्या नावावर चाललेला व्यवहार उघडा पाडला. त्याच काळात जर्मनीत काय चालले होते तेही आठवावे. १९३३ सालच्या कायद्याने 'आनुवंशिक' मानलेल्या आजारांच्या व गंभीर शारीरिक व्यंगांच्या माणसांची सक्तीने नसबंदी सुरू झाली. सुमारे चार लाख माणसे तिला बळी पडली. आनुवंशिकतेला विधिलिखिताचे रूप दिले की ते असे कायद्याचे शस्त्र बनते.

आपल्या बायांचा तंबाखू

आतापर्यंतचे आकडे सिगारेटचे आणि परदेशांतले आहेत. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतातील २ टक्के प्रौढ स्त्रिया धूम्रपान करतात, पण १२.८ टक्के स्त्रिया धुराशिवायचा तंबाखू वापरतात. महाराष्ट्रात तो मशेरीच्या, मिसरीच्या रूपाने घरात येतो. तव्यावर काळाभोर भाजलेला तंबाखू कुटून सकाळी दातांना-हिरड्यांना घासायचा. त्यात धूर नाही म्हणून तो निरुपद्रवी समजला जातो. पण हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात उतरते.

प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी मुंबईत १,२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून २००४ साली दाखविले की असा तंबाखू वापरणाऱ्यांची बालके सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची आणि सहा दिवस आधी जन्मतात. त्याच पाहणीवरून २००६ साली पुढे आले की त्यांच्यात मृत जन्मांचे प्रमाण ८.९ टक्के होते, न वापरणाऱ्यांत ३.१ टक्के. तपकिरीसारखा ओला तंबाखू ओठाखाली धरण्याची चाल स्वीडनमध्ये आहे. तिथल्या नोंदींवरून २०१४ साली दिसले की त्यानेही ओठ-टाळूच्या दुभंगीचा धोका वाढतो, आणि ज्यांनी पहिल्या नोंदणीआधी तो सोडला त्यांच्यात ही वाढ दिसत नाही. म्हणजे 'धूर नाही, भय नाही' हे खरे नाही. आणि वेळेवर सोडल्यास लाभ आहे हेही तितकेच खरे.

एका शिबिरात हे सांगत असता मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, "गुरुजी, मशेरी सोडा म्हनता तुमी. पन पहाटं उठून पानी भरायचं, केरवारा करायचा, मंग रोजावर जायचं. पोटात काय नसतं. तिनं तेवढी भूक मरती. ती सोडली तर खायाचं काय, ते सांगा." माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा हा प्रश्न मोठा होता. निकोटिन भूक मारते, हे शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे. ती भूक कोणाच्या पोटात असते, हे त्या पुस्तकात नाही.

आणि तंबाखू पोटात घेणाऱ्या बाया एक, तो हातांनी हाताळणाऱ्या दुसऱ्या. सोलापूर, सिन्नर, निपाणी, कामठी या नावांमागे विड्या वळणाऱ्या हजारो बाया उभ्या आहेत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी निजलेले तान्हे. दिवसभर पाने कापायची, भरायची, दोरा गुंडाळायचा, आणि वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी गमवायची. तंबाखू हाताळणाऱ्यांच्या लघवीत निकोटिनपासून बनणारा कोटिनिन हा पदार्थ सापडतो. म्हणजे विडी न ओढताही तिचे विष अंगात जाते. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी याच विडी कामगारांना संघटित केले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते हेच हरदास; १९३९ साली ऐन तारुण्यात ते क्षयाने गेले. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या संघर्षावर 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली लघुपट केला. या लढ्यांनी विडी कामगार बाईला कामगार म्हणून ओळख मिळवून दिली. १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसवून तिच्या दवाखान्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी निधी उभा राहिला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर रद्द झाला.

आता पुन्हा विचारू : दोष कोणाचा? वस्ती ओढ्याकाठी आहे, हे विसरून केवळ भिंतीची तपासणी करायची काय?

मग करायचे काय

पहिली गोष्ट, तंबाखूविषयी बोलायचे ते गर्भवतीशीच आणि तिच्या पाचव्या महिन्यात, ही पद्धत बदलली पाहिजे. ओठ आणि टाळू घडतात पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून हे बोलणे शाळेतल्या मुलींशी, नवविवाहित जोडप्यांशी, आणि पुरुषांशीही झाले पाहिजे. घरातला विडीचा धूर तिच्याही छातीत जातो. मात्र दिवस पुढे गेले म्हणून आता सोडून काय उपयोग, असे कोणी म्हणू नये. वजन, वेळेआधीची प्रसूती यांबाबत कधीही सोडले तरी फायदा होतो. मेरीलँडच्या बाया गर्भवती असतानाच तो प्रयोग झाला होता.

दुसरी गोष्ट, मशेरी सोडविण्याची मोहीम आणि पोटभर अन्नाची, पुऱ्या मजुरीची मागणी या दोन वेगळ्या चळवळी नाहीत. पालेभाजी, डाळ आणि लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या बाईच्या हातात वेळेवर पडल्या नाहीत, तर 'तंबाखू सोड' हा उपदेश रिकाम्या पोटावर पडतो. विड्या वळणाऱ्या बाईला तर 'तंबाखूपासून दूर राहा' म्हणणे म्हणजे चूल विझव म्हणणे. तिच्यासाठी दुसऱ्या कामाची मागणी आधी आली पाहिजे.

तिसरी गोष्ट, मूल दुभंगलेला ओठ घेऊन आलेच, तर त्याला घरात लपवू नये. शस्त्रक्रियेने ओठ जुळतो, टाळू जुळते, मूल दूध पिऊ लागते, बोलू लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून या व्यंगाच्या तपासणीची व मोफत उपचारांची सोय आहे. पंढरपूरला जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी तर कित्येक वर्षे भारतात येऊन अशा मुलांच्या विनामूल्य शस्त्रक्रिया केल्या. कार्यकर्त्याने त्या आईला दवाखान्याची वाट दाखवावी. आणि ग्रहण, पाप, घराण्याचा दोष हे शब्द तिच्या कानावर पडणार नाहीत, हेही पाहावे.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. 'जीनमध्येच आहे' असे कोणी म्हणाले की रागावून उठू नका, आणि मान खाली घालून ऐकूही नका. विचारा : कोणता जनुक? कोणत्या परिसरात? समान जुळ्यांत काय दिसते? परिसर बदलला तेव्हा काय झाले? हे चार प्रश्न शास्त्राचेच आहेत. जनुक आपण निवडलेले नाहीत. पण वस्ती कुठे असावी, मजुरी किती असावी, बाईच्या ताटात काय असावे आणि तंबाखूच्या धंद्याचा नफा कोणाच्या अंगावर काढला जावा, हे सगळे माणसांनी ठरविलेले आहे. आणि माणसांनी ठरविलेले माणसांना बदलता येते.